शेवटच्या डीपीवरचं व्होल्टेज: एका शेती फीडरच्या लोड फ्लोच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४, लातूर

कॉलेजच्या प्रोजेक्टचा विषय आज ठरला: लोड फ्लो, म्हणजे जाळ्यात कुठे किती व्होल्टेज आणि किती वीज वाहते याचा हिशेब. मार्गदर्शक मॅडमचं म्हणणं होतं की त्यासाठी पुस्तकातली तयार सिस्टिम घ्या, उत्तर आधीच माहीत असतं, चूक लगेच सापडते. मी म्हटलं, आमच्या शिवारातला ११ केव्हीचा शेती फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघून मोटारींना वीज देणारी लाईन, घेते. मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग डेटा तुम्हालाच पायी फिरून आणावा लागेल." तयारी आहे म्हटलं.

फीडर औसा तालुक्यातला. त्याच्या अगदी शेवटच्या डीपीवर (खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर) नानांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, मोटार आहे. नानांच्या तोंडचं एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय: "लाईट हाय, पण पावर न्हाई." तारेत वीज आहे, बल्ब मिणमिणतो, मोटार मात्र नुसती घुमते आणि पाणी वर येत नाही. लोड फ्लोचं काम मला त्या वाक्याचा आकडा काढण्यासाठी हवंय. कुठल्या खांबापाशी किती व्होल्टेज उरतं, किती वीज तारेतच जळते, आणि काय बदललं तर नानांपर्यंत पोहोचेल.

२४ ऑक्टोबर

दोन दिवस फीडरच्या कडेने चाललो. मी, उदगीरची माझी मैत्रीण आणि लाईनमन काका. उपकेंद्रातून परवानगीचं पत्र मिळालं होतं, पण खरा नकाशा काकांच्या डोक्यात होता. कुठला एबी स्विच कुठली लाईन तोडतो, कुठल्या वर्षी कुठली तार बदलली, सगळं त्यांना पाठ.

उपकेंद्रापासून नानांचं शेत सरळ गेलं तर आठ किलोमीटर, लाईन मात्र बारा किलोमीटरची. कारण लाईनवरून चालताना कळलं. आमचं गाव ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात पडलं आणि नव्या जागी वसलं. लाईन आधी जुन्या गावाकडे जाते, तिथून वळून पुन्हा शिवारात शिरते. जुन्या गावात आता पडक्या भिंती आणि बाभळी, आणि मधून आमची तार. काका म्हणाले, "गाव उठलं, खांब जागचे हलले न्हाईत."

तारेचा प्रकार कागदावर एकच लिहिलेला होता, "रॅबिट". खाली पडलेले जुने तुकडे स्क्रू गेजने मोजले. पहिल्या ५.८ किलोमीटरमध्ये ॲल्युमिनियमचा एक पदर ३.३५ मिलिमीटरचा निघाला, म्हणजे रॅबिट खरीच. जुन्या गावापुढच्या ६.२ किलोमीटरमध्ये पदर २.५९ मिलिमीटरचा. ती वीझल, रॅबिटहून बारीक तार. भारतीय मानकानुसार रॅबिटचा रोध २० अंशांना किलोमीटरमागे ०.५५२४ ओहम आणि वीझलचा ०.९२८९. अर्ध्याहून जास्त फीडरचा रोध कागदावर चाळीस टक्के कमी धरला गेला होता. हे आत्ताच कळलं ते बरं झालं.

११ नोव्हेंबर

दिवाळीत काम थांबलं होतं.

फीडरवर ३४ डीपी आहेत. प्रत्येकीचं वेगळं गणित पुढे करूच, पण आधी वहीत हाताने सुटेल असं छोटं रूप हवं म्हणून डीपींचे पाच गट केले. प्रत्येक गट म्हणजे एक नोड, उपकेंद्र हा नोड ०. पुढे १ आणि २ रॅबिटवर (३.२ आणि २.६ किलोमीटर), मग ३, ४, ५ वीझलवर (२.४, २.० आणि १.८ किलोमीटर). जुनं गाव नोड २ वर, नाना नोड ५ वर.

भार मंजूर एचपीवरून काढला. एकूण १६५० किलोवॉट, पॉवर फॅक्टर (एकूण शक्तीपैकी प्रत्यक्ष काम करणाऱ्या शक्तीचं प्रमाण) ०.८ धरला तर १२३७ केव्हीएआर प्रतिक्रिय शक्ती, म्हणजे मोटारीच्या चुंबकत्वासाठी ये-जा करणारी, काम न करणारी शक्ती.

मैत्रिणीने विचारलं की मंजूर एचपी म्हणजे खरा भार का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीच्या समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

१८ नोव्हेंबर

मॅडमनी फळ्यावर पाया पक्का करून घेतला. प्रत्येक नोडला चार राशी: व्होल्टेजचं मान, त्याचा कोन, वास्तव शक्ती, प्रतिक्रिय शक्ती. त्यातल्या दोन माहीत, दोन शोधायच्या. आमच्या पाचही नोडवर शक्ती माहीत आणि व्होल्टेज अज्ञात, म्हणजे सगळे पीक्यू बस (बस म्हणजे नोडच). उपकेंद्राचा ११ केव्हीचा बस स्लॅक. तिथलं व्होल्टेज ठरलेलं, आणि तोटा धरून जे काही कमी पडेल ते तोच पुरवणार.

स्लॅक बस मला आधी पटत नव्हता. असा कधी न आटणारा झरा असतो का कुठे? मॅडमनी परळीचं उदाहरण दिलं. २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं, तरी शेजारच्या लातुरात वीज होतीच, कारण ग्रिडमधले दुसरीकडचे संच ती तूट भरून काढत होते. आमच्यासारख्या छोट्या फीडरच्या दृष्टीने उपकेंद्रामागचं सगळं जाळं मिळून तो झरा होतो. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. विजेची तूट तारेवरून भरून निघते, पाण्याची तशी निघत नाही.

मग पद्धत. लोड फ्लोचं गणित संगणकावर नीट मांडलं गेलं १९५६ मध्ये, वॉर्ड आणि हेल यांच्या हातून. १९६७ मध्ये टिनी आणि हार्ट यांनी न्यूटन-रॅफसन मोठ्या जाळ्यांना चालेल असं केलं. १९७४ मध्ये स्टॉट आणि अलसाच यांनी फास्ट डिकपल्ड पद्धत दिली, जी पारेषणाच्या जाळ्यात फार वेगाने सुटते. आम्ही हौसेने तीच आधी लावली. ती सुटेना, उत्तर मागे-पुढे झुलत राहिलं. कारण मॅडमनी लगेच सांगितलं. ती पद्धत धरून चालते की तारेचा रोध तिच्या रिॲक्टन्सपुढे (एसी प्रवाहाला तारेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे होणाऱ्या अडथळ्यापुढे) किरकोळ आहे. ४०० केव्हीच्या लाईनला ते लागू पडतं. आमच्या रॅबिटचा रोध रिॲक्टन्सच्या दीडपट आणि वीझलचा जवळजवळ अडीचपट.

म्हणून बॅकवर्ड-फॉरवर्ड स्वीप घेतली. फीडर झाडासारखा असेल तर ही फार सरळ आहे. सगळीकडे ११ केव्ही आहे असं समजायचं. शेवटच्या नोडपासून उपकेंद्राकडे येत भार आणि तोटे जमवत जायचं. मग उपकेंद्रापासून शेवटाकडे जात प्रत्येक तुकड्यातली घट वजा करायची. व्होल्टेज बदललं की प्रवाह बदलतो, म्हणून पुन्हा शेवटाकडून सुरुवात. आकडे हलायचे थांबले की झालं.

२६ नोव्हेंबर

प्रोग्राम आधी बरान आणि वू यांच्या १९८९च्या ३३ बस फीडरवर चालवला. तिथे तोटा २०२.७ किलोवॉट आणि १८ नंबरच्या बसवर सगळ्यात कमी व्होल्टेज ०.९१३ पर युनिट, म्हणजे मूळ व्होल्टेजच्या ९१.३ टक्के, यायला हवं. आलं. दोघींनी कँटीनमध्ये चहा घेतला.

मग आमचा फीडर. वहीतल्या पहिल्या फेरीत शेवटच्या नोडपर्यंत १.०६ किलोव्होल्टची घट आली होती, म्हणजे ९.९४ केव्ही. संगणकाने सहाव्या फेरीत ९.८४ वर स्थिर केलं. तारेतला तोटा १५० किलोवॉट. उपकेंद्रातून निघणारा प्रवाह ११७ अँपिअर.

१९५६च्या वीज नियमांत ११ केव्हीसाठी वर ६ आणि खाली ९ टक्क्यांची मुभा होती, म्हणजे खालची हद्द १०.०१ केव्ही. आमच्या हिशेबात नोड ४ आणि ५ त्या हद्दीखाली गेलेत. पण थोडेसेच. डीपीची स्वतःची घट धरली तरी नानांच्या डीपीच्या लघुदाब बाजूला ३७३ व्होल्ट मिळायला हवेत. ३७३ वर मोटार चालते. मग नानांची का चालत नाही?

५ डिसेंबर, शिवार

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस. आठवड्यातले काही दिवस लाईट दिवसा असते, काही दिवस रात्री. या आठवड्यात दिवसा, सकाळी आठनंतर.

पावणेआठला डीपीपाशी मीटर घेऊन बसलो. बांधावर नाना उभे. "काय मोजूलालीस गं, अजून लाईट आली न्हाई की." लाईट आली आणि एका क्षणात शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम घुमल्या. मी तो आवाज जन्मभर ऐकलाय, पण मीटर हातात धरून पहिल्यांदाच. तिन्ही फेजमध्ये ३२६, ३४१, ३३५. सरासरी ३३४. नानांच्या स्टार्टरवर ३१२.

आमचं गणित ३७३ सांगत होतं.

मोटारीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ४१५ व्होल्टच्या मोटारीला ३१२ दिले तर टॉर्क ५७ टक्के उरतो. बोअरचं पाणी वर ढकलायला ते पुरत नाही. मोटार संथ होते, प्रवाह जास्त ओढते, गुंडाळी तापते. नानांनी गेल्या चार वर्षांत ती तीन वेळा भरून आणलीय. प्रत्येक वेळी मला वाटायचं, मोटार हलकी असेल. आज ३१२ पाहिल्यावर मी नानांकडे बघू शकले नाही, कारण बाहेर शिकायला गेल्यापासून मीही त्यांना "चांगल्या कंपनीची घ्या" एवढंच सांगत आले होते.

१२ डिसेंबर

उपकेंद्रातलं लॉगबुक मिळालं. ऑपरेटर दर तासाला प्रत्येक फीडरचे अँपिअर हाताने लिहितात. आमच्या फीडरसमोर लाईट आल्यानंतरच्या पहिल्या नोंदी १५४, १६०, १५७. दोन-अडीच तासांनी १३०च्या आसपास, शेवटच्या तासात १२०. बसचं व्होल्टेज सकाळच्या भारात १०.८ केव्ही, आम्ही ११ धरलं होतं.

आमचं गणित ११७ अँपिअर म्हणालं होतं, म्हणजे ते चुकलं नव्हतं, फक्त दिवसाच्या शेवटच्या तासाचं होतं. नानांची मोटार अडते पहिल्या तासात. सकाळी भार जास्त का आणि दुपारी कमी का, याची दोन उत्तरं बांधावर मिळाली. जवळजवळ प्रत्येक मोटारीला ऑटो स्विच आहे. लाईट आली की माणूस असो-नसो, मोटार सुरू. आणि दुपारी मोटारी कमी होतात त्या कुणी बंद केल्या म्हणून नव्हे. विहिरी आटतात. दोन तास उपसा झाला की फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो.

२१ डिसेंबर

तीन दिवस मोटारी मोजल्या. सगळ्या फीडरच्या मोजणं शक्य नव्हतं, प्रत्येक गटातल्या दोन-तीन डीपी घेतल्या.

नानांच्या डीपीवर कागदावर नऊ कनेक्शनं, प्रत्येकी ५ एचपी, एकूण ४५. प्रत्यक्षात बारा मोटारी: सात ७.५च्या आणि पाच ५च्या. साडेसत्याहत्तर एचपी. जुन्या भरलेल्या मोटारींची कार्यक्षमता धरली तर सुमारे ८० किलोवॉट. स्टार्टरच्या पेटीतले पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर उघडून पाहिले, बारापैकी नऊ फुगलेले किंवा तारा सोडलेले. क्लॅम्प मीटरवर पॉवर फॅक्टर ०.७५. म्हणजे १०७ केव्हीए, आणि डीपी १०० केव्हीएची. एवढ्या लहान डीपीला टॅपही नसतो की फिरवून चार व्होल्ट वाढवावेत.

५च्या जागी साडेसात का, हे एका आजोबांना विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "पाणी गेलं सहाशे फुटावर, अन् पावर निम्मी. पाचची मोटर वर काय आणील, सांग?" मला उत्तर देता आलं नाही. पाणी खोल जातं आणि व्होल्टेज पडतं म्हणून मोठी मोटार बसते, आणि मोठी मोटार बसली की व्होल्टेज आणखी पडतं. शेजाऱ्याने साडेसातची बसवली की आपली पाचची बसते, म्हणून आपणही बसवायची. यात कुणी एक चोर नाही. हे मी अहवालात स्पष्ट लिहिणार आहे, कारण "शेतकऱ्यांचा अनधिकृत भार" एवढ्या तीन शब्दांत हे आटपणारे अहवाल मी पाहिलेत.

३० डिसेंबर, येळवस

आज वेळा अमावस्या, आमची येळवस. सगळं गाव शेतात. कडब्याची खोप, पाच पांडव, भज्जी, उंडे, मडक्यातली आंबील. मैत्रीण उदगीरला घरी न जाता आमच्याकडे आली होती.

लाईट दिवसाची होती आणि मोटारी बंद होत्या. येळवशीला कुणी उपसा करत नाही, लोक जेवायला बसतात. पूजा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की वर्षभरात फीडर इतका मोकळा पुन्हा सापडणार नाही. ताट ठेवून डीपीकडे पळाले. नाना मागून ओरडले, "अगं आंबील तरी पी!" उपकेंद्रात फोन केला. बसवर ११.१ केव्ही, प्रवाह फक्त ९ अँपिअर. इकडे शेवटच्या डीपीवर ४३२ व्होल्ट.

या एका वाचनाने बऱ्याच शंका मिटल्या. डीपीचं गुणोत्तर ठीक आहे, उपकेंद्राचं व्होल्टेज मुळातून पडलेलं नाही. भार नसेल तर शेवटच्या खांबापर्यंत सगळं व्होल्टेज येतं. ५ तारखेला हरवलेले शंभर व्होल्ट भारामुळेच, तार आणि डीपीत गेले.

परत आले तेव्हा आंबील झाकून ठेवलेली होती.

८ जानेवारी २०२५

नवा भार घातला. गटांना ३८०, ४३०, ४००, ३८०, ३६० किलोवॉट, एकूण १९५०. कागदापेक्षा वाढ सगळ्यात जास्त शेवटाकडे, नेमकी जिथे तार बारीक. पॉवर फॅक्टर ०.७५. स्रोत १०.८ केव्ही. तारेचा रोध २० अंशांऐवजी ५० अंशांचा, म्हणजे बारा टक्के वाढवून, कारण उन्हातली भरलेली तार २० अंशांवर नसते.

उत्तर: नोड १ ला १०.१८, जुन्या गावापाशी ९.७७, मग ९.३६, ९.१३, आणि शेवटी ९.०३ केव्ही. उपकेंद्रातून १५८ अँपिअर, लॉगबुकमध्ये १५४ ते १६०. ९.०३ केव्हीचे लघुदाब बाजूला ३५५ व्होल्ट होतात. डीपी भारापलीकडे गेलेली, तिच्यात सुमारे १८ जातात, राहिले ३३७. आम्ही मोजले होते ३३४.

मॅडमनी दोन आकडे शेजारी लिहून खाली रेघ मारली.

तारेतला तोटा मात्र पाहवत नाही. ३२७ किलोवॉट. उपकेंद्रातून निघणाऱ्या दर सात युनिटमागे एक युनिट वाटेतच गरम हवा होऊन जातं. भार अठरा टक्क्यांनी वाढला आणि तोटा दुपटीहून जास्त, कारण तोटा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, त्यात पॉवर फॅक्टर घसरलेला आणि भार लांब सरकलेला.

आमचं मॉडेल तिन्ही फेज समान धरतं. प्रत्यक्षात ३२६ आणि ३४१ मध्ये पंधरा व्होल्टचं अंतर आहे. असं असमान व्होल्टेज मिळालं की तीन फेजच्या मोटारीची गुंडाळी आणखी तापते. ही मर्यादा अहवालात पहिल्या पानावर जाईल.

२२ जानेवारी

आता उपाय. हीच मांडणी धरून एकेक बदल करून पाहिला.

सगळ्यांच्या मनात पहिला येतो कपॅसिटर. नोड ३ वर ६०० केव्हीएआरची बँक लावली. शेवटचं व्होल्टेज ९.०३ वरून ९.२१. फक्त एवढंच? मैत्रीण म्हणाली, प्रोग्राम चुकला. चुकला नव्हता. कपॅसिटर प्रतिक्रिय प्रवाह कमी करतो, आणि त्याने वाचणारी घट मुख्यतः रिॲक्टन्समधली. आमच्या तारेत घट मुख्यतः रोधातली. शिवाय कपॅसिटरचं उत्पादनही व्होल्टेजच्या वर्गाने घटतं, पडलेल्या व्होल्टेजवर सहाशेचे साडेचारशेच उरतात. पण तोटा ३२७ वरून २५२ किलोवॉट झाला. म्हणजे कपॅसिटर लावावाच, नानांची मोटार त्याने चालेल असं मात्र सांगू नये.

तार बदलणं. पहिल्या दोन तुकड्यांत डॉग (रॅबिटहून जाड तार), पुढच्या दोनांत रॅबिट. शेवटी ९.६७ केव्ही, तोटा १५७. उत्तम, पण दहा किलोमीटरची तार, आणि काही खांबही बदलावे लागतील.

उपकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप एक पायरी वर. शेवटी साधारण ९.३६. फुकटात. उपकेंद्रातल्या साहेबांना भेटून विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं की त्याच बसवर गावठाणचे फीडर आहेत, पहाटे भार नसताना उपकेंद्राजवळच्या घरांत २५०च्या वर जातं, फ्रीज आणि टीव्ही जळतात. शेवटच्या मोटारीसाठी पहिल्या घराला त्रास. त्यांचं म्हणणं मला पटलं.

३ फेब्रुवारी

सौर. याबद्दल शिवारात सध्या सगळ्यात जास्त बोललं जातं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीचं पुढचं रूप सुरू झालंय, आपल्या मराठवाड्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये चालू झाला. दिवसा हक्काची वीज मिळणं ही रात्री साप-विंचवांच्या अंधारात दारं धरणाऱ्यांसाठी किती मोठी गोष्ट आहे, हे मला कुणी सांगायला नको. नानांसोबत रात्री बॅटरी धरून मी उभी राहिलेय.

पण असा प्रकल्प उपकेंद्राच्या ११ केव्ही बसवर जोडला तर आमच्या बारा किलोमीटर तारेतली घट जशीच्या तशी राहते. लोड फ्लोला स्लॅक बसमागे कोळसा आहे की सूर्य, याने फरक पडत नाही. तोच प्रकल्प फीडरच्या शेवटाकडे जोडला तर काय होतं, हे मुद्दाम पाहिलं. नोड ४ वर १ मेगावॉट, वीझल तशीच. शेवटी ९.९६ केव्ही. तोटा १५५. दहा किलोमीटर तार बदलून मिळतं त्याहून जास्त व्होल्टेज. वीज जिथे हवी तिथेच आली, तारेला ओझं वाहावं लागलं नाही.

तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "येळवस घाल." म्हणजे मोटारी बंद, दुपारचं ऊन, बस ११.१ वर. घातलं. १ मेगावॉट उलट्या दिशेने उपकेंद्राकडे निघालं आणि नोड ४ वर ११.७५ केव्ही झालं. वरची हद्द ११.६६. ज्या दिवशी कुणी पाणी उपसत नाही त्या दिवशी हा उपाय हद्द ओलांडतो. इन्व्हर्टरला ३०० केव्हीएआर शोषायला लावले तर जेमतेम ११.६६ वर येतं. म्हणजे जागा नोड ४ची ठेवून क्षमता थोडी कमी, किंवा इन्व्हर्टरला ही मुभा आधीच लिहून द्यावी लागेल. हा सगळा उपाय रात्रपाळीला काहीच देत नाही, हेही लिहिलं.

१५ फेब्रुवारी

एक शक्यता आम्ही उशिरा पाहिली, कारण ती कुठल्या यंत्राची नव्हती. लॉगबुक सांगतं की पहिले दोन तास १५७च्या आसपास अँपिअर आणि शेवटच्या तासात १२०. कारण विहिरी आटतात. ज्या विहिरीत दोनच तासांचं पाणी आहे, ती मोटार लाईट आल्या क्षणीच का चालावी? दुपारनंतर चालली तरी तिला तेच दोन तास मिळतात, आणि तोवर झऱ्याचं पाणीही थोडं साठतं.

संपूर्ण फीडरवर पहिल्या तासांतला चौथा हिस्सा मागे ढकलला तर? शेवटी ९.५४ केव्ही, तोटा १६५च्या आसपास. तार बदलण्याच्या जवळपास जाणारा परिणाम, आणि एक मीटर तारही न बदलता.

मारुतीच्या पारावर संध्याकाळी बसलो. मी वहीतला आकडा सांगितला. कुणी हलेना. एक जण म्हणाले, "मी थांबलो अन् दुपारी लाईटच गेली तर?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. आठ तास म्हणून सांगितलेली लाईट मध्ये ट्रिप होते, डिओ (खांबावरचा फ्यूज) उडतो, मग ते तास कुणी भरून देत नाही. भरवसा नसेल तर माणूस पहिल्या क्षणालाच धरणार. म्हणून ठरलं ते असं: आधी फक्त आमच्या डीपीवर, फक्त चार आटणाऱ्या विहिरी, आठ दिवस. दुपारी लाईट गेली तर दुसऱ्या दिवशी त्या चौघांना सकाळी पहिला मान. चौघांपैकी एक नाना.

२५ फेब्रुवारी

आदल्या दिवशी, काही न बदलता, सकाळी सव्वाआठला पुन्हा मोजलं: डीपीवर सरासरी ३३५, म्हणजे डिसेंबरसारखंच. गणित करून अंदाज वहीत लिहिला आणि खाली मैत्रिणीची सही घेतली, नंतर मला आकडा बदलता येऊ नये म्हणून. अंदाज ३४३.

आज चार मोटारींचे ऑटो स्विच बंद ठेवले. लाईट आली. आठ मोटारी घुमल्या. ३४२. उरलेल्या आठांपैकी एका स्टार्टरवर काल ३१३ होते, आज ३२७. तो शेतकरी पाइपाच्या तोंडाशी उभा होता. त्याने आकडा विचारला नाही, धार बघितली आणि पाइप पुढच्या सरीत टाकला.

दुपारी एकनंतर नानांची पाळी. स्टार्टरवर ३५१. दोन तास दहा मिनिटं पाणी चाललं, सकाळी कधी पावणेदोन तासांच्या वर जात नव्हतं.

४ मार्च

आठपैकी सहा दिवस ठरल्याप्रमाणे झालं. एक दिवस दुपारी लाईट गेली, दुसऱ्या दिवशी चौघांना सकाळी पहिला मान दिला, भांडण झालं नाही. एक दिवस एकाच्या मुलाने न सांगता ऑटो स्विच चालू केला. बापानेच जाऊन बंद केला.

अहवालात उपायांचा क्रम असा लावलाय: बिघडलेले कपॅसिटर स्टार्टरमध्येच बदलणे, आटणाऱ्या विहिरींच्या पाळ्या, जुन्या गावापुढची वीझल बदलणे, आणि सौर प्रकल्प येणारच असेल तर तो फीडरच्या शेवटाकडे जोडता येईल का याचा वेगळा अभ्यास. मॅडमनी पाळ्यांचा मुद्दा "तांत्रिक नाही" म्हणून परिशिष्टात टाकायला सुचवलं. मी त्यांना २५ तारखेचं पान दाखवलं. मुद्दा मूळ प्रकरणात राहिला.

उपकेंद्रातल्या साहेबांनी एक प्रत मागितलीय. लाईनमन काकांना वीझल-रॅबिटचा दुरुस्त नकाशा मोठ्या कागदावर काढून हवाय, तो उद्या देते. आणि शेजारच्या डीपीवरचे दोघे काल नानांकडे येऊन विचारून गेलेत की पोरगी आमच्या डीपीवर मीटर लावायला कधी येणार. रविवारी सकाळी पावणेआठला जायचं ठरलंय.